डिग्री घ्यायला निघालेला गिटारिस्ट

इंजिनीअरिंगच्या कुठल्याही मुलाला किंवा मुलीला विचारा, सध्या तुझं स्वप्न काय? बहुतेक सगळे हेच सांगतील की एकदाची ही डिग्री हातात पडू दे! सबमिशन, ओरल, प्रॅक्टिकल, के.टी... यातून कधी सुटतो असं झालेलं असतं. मी पण त्यातलीच. किती सेमिस्टर उरली याचा हिशेब मी माझ्या खोलीच्या भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवलाय. (रेक्टर मॅडम, प्लीज हे वाक्य सोडून पुढचं वाचा.)

म्हणूनच मला एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. तो पंचवीस वर्षांचा होता. हजारो लोक त्याची गिटार ऐकायला तिकीट काढून येत होते, मासिकांत फोटो छापून येत होते. आणि त्याच्या डोक्यात काय चालू होतं? तर हे सगळं सोडून कॉलेजात जायचं आणि डिग्री घ्यायची! त्याचं नाव रँडी ऱ्होड्स.

माझं शिक्षण सगळं कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी विभागासाठी लिही म्हटल्यावर मला घामच फुटला होता. तरी प्रयत्न करते. चूकभूल द्यावी घ्यावी.

आधी मला रँडी कसा सापडला ते सांगते. २०२५ च्या जुलैमध्ये ऑझी ऑस्बॉर्न गेला. त्या आठवड्यात आमच्या मजल्यावर प्रत्येक खोलीतून त्याचीच गाणी ऐकू येत होती. मला तोपर्यंत ऑझी म्हणजे फक्त काळे कपडे आणि आरडाओरडा एवढंच माहीत. एका सीनियरने मला खाली बसवलं, स्वतःचे हेडफोन माझ्या कानाला लावले आणि ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ हा १९८० चा अल्बम सुरू केला. म्हणाली, आवाजाकडे लक्ष देऊ नकोस, गिटार ऐक. चाळीस मिनिटं मी जागची हलले नाही. मेसची वेळ निघून गेली, त्या रात्री मॅगीवर भागवलं. पण तेव्हापासून या गिटारवाल्याबद्दल मिळेल ते वाचत सुटले आहे.

रँडीचा जन्म ६ डिसेंबर १९५६ चा, कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका गावातला. तीन भावंडांत सगळ्यात धाकटा. वडील संगीत शिक्षक होते, पण रँडी दीड वर्षाचाही नव्हता तेव्हा ते घर सोडून गेले. तीन मुलांना एकटीने वाढवायची जबाबदारी आई डेलोरेस यांच्यावर आली. नॉर्थ हॉलीवूडमध्ये त्यांची एक छोटी संगीत शाळा होती, ‘म्युझोनिया’. त्याच शाळेवर घर चालायचं. म्हणजे संगीत हा या घरात छंद नव्हता, पोटापाण्याचा धंदा होता. गंमत म्हणजे घरात रेकॉर्ड प्लेअर नव्हता! मुलांना गाणं हवं असेल तर त्यांनी स्वतःच वाजवायचं.

घरात आजोबांची एक जुनी गिब्सन गिटार पडलेली होती. रँडीने तीच हातात घेतली. सातव्या वर्षी आईच्याच शाळेत तो फोक आणि क्लासिकल गिटार शिकायला लागला. आईने अट घातली की थोडा पियानो पण शिकायचा, म्हणजे नोटेशन वाचता येईल. हे नोटेशन पुढे फार कामाला आलं. त्या काळातले बहुतेक रॉक गिटारिस्ट रेकॉर्ड ऐकून ऐकून शिकलेले. रँडी मात्र शाळेतल्या पोरासारखा पहिल्या धड्यापासून शिकला.

पुढे त्याने इलेक्ट्रिक गिटार घेतली. ती जवळजवळ त्याच्याएवढीच मोठी होती म्हणे. म्युझोनियातले एक सर त्याला शिकवायचे. एक दिवस ते सर डेलोरेसबाईंकडे आले आणि त्यांनी सांगितलं की आता माझ्याकडे याला शिकवण्यासारखं काही उरलेलं नाही, मला येत होतं ते सगळं याने घेतलं. आईला आधी वाटलं, मुलाचं कौतुक करायचं म्हणून बोलतायत. पण ते खरंच बोलत होते. मला या गोष्टीत त्या सरांचं जास्त कौतुक वाटतं. विद्यार्थी आपल्या पुढे गेला हे स्वतःहून जाऊन सांगायला मोठं मन लागतं.

चौदा-पंधराव्या वर्षी भावाबरोबर तो ॲलिस कूपरचा कार्यक्रम बघायला गेला आणि थक्क होऊन परत आला. रॉकचा स्टेज असा असतो हे त्याला तिथे कळलं. शाळेतला त्याचा जिवलग मित्र केली गार्नी, त्याला रँडीने स्वतःच बेस गिटार शिकवली आणि दोघांनी मिळून बँड काढला. पुढे केव्हिन डुब्रो हा गायक आणि ड्रू फोर्सिथ हा ड्रमर आले आणि बँडचं नाव पडलं ‘क्वायट रायट’. दरम्यान शाळेत रँडीने अभ्यास लवकर उरकता येईल असा खास कार्यक्रम घेतला होता. कशासाठी? तर लवकर मोकळं होऊन आईच्या शाळेत गिटार शिकवता यावी म्हणून! म्हणजे वीस वर्षांचा व्हायच्या आतच हा मुलगा ‘सर’ झाला होता.

दिवसभर म्युझोनियात मुलांना शिकवायचं आणि रात्री लॉस एंजेलिसच्या स्टारवूडसारख्या क्लबात वाजवायचं, असा त्याचा दिनक्रम होता. विद्यार्थी त्याला त्यांच्या आवडीच्या रेकॉर्ड आणून द्यायचे, हा ती गाणी कानाने उतरवून त्यांना शिकवायचा. शिकवता शिकवता आपणच सगळ्यात जास्त शिकतो, हे आपल्याला पण परीक्षेच्या आदल्या रात्री रूममेटला एखादा टॉपिक समजावून सांगताना कळतंच की!

पण नाव काही होत नव्हतं. त्याच क्लबांत वाजवणाऱ्या व्हॅन हेलन या बँडला मोठ्या कंपनीने उचललं आणि १९७८ साली त्यांचा पहिला अल्बम गाजला. क्वायट रायटला मात्र अमेरिकेतली एकही कंपनी दारात उभी करेना. १९७८ सालीच त्यांचे दोन अल्बम निघाले, पण ते फक्त जपानमध्ये. कल्पना करा, तुमचा अल्बम निघालाय आणि तुमच्याच शहरातल्या दुकानात तो सहज मिळत नाही! आपल्या भाषेत सांगायचं तर कॅम्पस इंटरव्ह्यूला शेजारच्या बेंचवरच्याला जॉब लागला आणि हा वेटिंग लिस्टवर.

इकडे हे चालू असताना १९७९ साली ऑझी ऑस्बॉर्नला त्याच्याच बँडने काढून टाकलं होतं. ऑझी म्हणजे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सब्बाथ’चा गायक. हेवी मेटल ज्यांनी सुरू केलं असं मानतात त्या बँडचा आवाज. पण दारू आणि ड्रग्जमुळे त्याचं सगळं विस्कटलं होतं. लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलात तो पडून असायचा. शेरॉन आर्डेन, म्हणजे नंतरची शेरॉन ऑस्बॉर्न, हिने त्याला उभं करायचं ठरवलं आणि नवीन बँडसाठी गिटारिस्टचा शोध सुरू झाला.

डॅना स्ट्रम नावाच्या बेस वाजवणाऱ्या एका ओळखीच्याने रँडीच्या मागे धोशा लावला. रँडीला फारसं जायचं नव्हतं. ब्लॅक सब्बाथ हा काही त्याचा आवडता बँड नव्हता. शेवटी तो गिटार आणि सरावाचा छोटासा अँप घेऊन गेला. त्याने गिटार जुळवली, बोटं मोकळी करायला थोडं काहीतरी वाजवलं... आणि तेवढ्यावरच त्याची निवड झाली असं सांगतात. ऑझी त्या वेळी शुद्धीत किती होता याबद्दल वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पण निवड बरोबर झाली एवढं नक्की!

मग इंग्लंड. बॉब डेझली बेसवर आला, तो आधी रेनबो बँडमध्ये होता. ड्रमवर युराया हीपचा ली कर्स्लेक, कीबोर्डवर डॉन एरी. १९८० च्या मार्च-एप्रिलमध्ये दक्षिण इंग्लंडमधल्या रिज फार्म स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं. इंजिनीअर होता मॅक्स नॉर्मन. शेतघराचा स्टुडिओ, सगळे तिथेच राहायचे, तिथेच जेवायचे. थोडक्यात होस्टेलच!

ऑझी काही गिटार वाजवणारा नव्हता. सूर डोक्यात असायचा, पण तो कुठला ते सांगता यायचं नाही. तो नुसता गुणगुणायचा. इथे रँडीमधला शिक्षक कामाला आला. तो शांतपणे ऑझीसमोर बसायचा, ते गुणगुणणं गिटारवर शोधायचा, ऑझीच्या गळ्याला कुठली पट्टी सोयीची ते बघायचा आणि मग गाणं बांधायचा. इतक्या धीराने माझ्याबरोबर आधी कुणी बसलंच नव्हतं, अशा अर्थाचं ऑझी पुढे आयुष्यभर सांगत राहिला. अल्बमवर नाव ऑझीचं असलं तरी चाली एकट्या त्याच्या नव्हत्या, आणि शब्द बहुतेक बॉब डेझलीचे.

आता त्या अल्बममध्ये ऐकायचं काय ते सांगते. ‘क्रेझी ट्रेन’ सगळ्यांना माहीत असतं. त्याची सुरुवातीची गिटारची ओळ एफ शार्प मायनरमध्ये आहे, आपल्या हार्मोनियमच्या भाषेत काळी तीन. ती ऐकताना काहीतरी वाईट घडणार असं वाटतं. पण गायन सुरू झालं की गाणं एकदम मेजरमध्ये, मोकळ्या हवेत येतं. शब्द तर शीतयुद्धाच्या भीतीबद्दल आहेत! भीतीचं गाणं आणि चाल अशी की पाय आपोआप हलायला लागतात.

याच गाण्यातला सोलो हेडफोन लावून ऐका. तो इतका जाड आणि भरलेला का वाटतो? कारण रँडीने तो एकदा वाजवलेला नाही, तीनदा वाजवलाय. आधी सोलो पूर्ण रचायचा, पाठ करायचा, आणि मग तोच सोलो पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत तीन वेळा वेगवेगळा रेकॉर्ड करायचा. एक मध्ये ठेवायचा, एक डाव्या कानात, एक उजव्या. मला आधी वाटलं, एकदा वाजवून कॉपी-पेस्ट केलं असेल. पण १९८० साली टेपवर तसली सोय कुठली! आणि केलं असतं तरी उपयोग नव्हता. सिग्नल्सच्या पेपरात आपण शिकलोय, तोच सिग्नल त्यातच मिळवला तर फक्त मोठा होतो, त्यात नवीन काही येत नाही. माणसाने तीनदा वाजवलं की प्रत्येक वेळी काही मिलिसेकंदांचा फरक पडतो, तार दाबताना सूर केसाएवढा इकडे तिकडे होतो. त्या बारीकशा फरकांनीच आवाज जाड होतो. पण फरक जास्त झाला की सगळं गढूळ! इतका अवघड सोलो तीनदा जवळजवळ सारखा वाजवायला हात किती तयार हवा, विचार करा.

‘मिस्टर क्रॉली’ या गाण्यात डॉन एरीचा चर्चच्या ऑर्गनसारखा कीबोर्ड सुरुवातीला आहे आणि नंतर रँडीचे दोन सोलो. लहानपणी शिकलेलं क्लासिकल इथे इलेक्ट्रिक गिटारवर उतरलंय. आणि या सगळ्या गडगडाटाच्या मधोमध एक मिनिटाचाही नसलेला एक तुकडा आहे, ‘डी’. त्यात ड्रम नाहीत, ऑझी नाही, फक्त नायलॉनच्या तारांची गिटार. डी म्हणजे डेलोरेस, त्याची आई. मेटलच्या अल्बममध्ये आईसाठी पन्नास सेकंदांचं क्लासिकल! आमच्या मजल्यावर पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा कुणीच काही बोललं नाही.

अल्बम सप्टेंबर १९८० मध्ये इंग्लंडमध्ये आला, पुढच्या वर्षी अमेरिकेत. एकट्या अमेरिकेतच त्याच्या ४० लाखांहून जास्त प्रती खपल्या. संपला म्हटलेला ऑझी पुन्हा उभा राहिला.

रँडी आता स्टार झाला. तेव्हा त्याने काय केलं? डिसेंबर १९८० मध्ये तो ग्रोव्हर जॅक्सन नावाच्या गिटार बनवणाऱ्याकडे गेला. हातात होतं कागदावर काढलेलं एक चित्र. त्याला तिरपी, टोकदार, बाणासारखी गिटार हवी होती. जॅक्सन त्या वेळी ‘शार्व्हेल’ नावाने गिटार विकायचा, पण इतक्या विचित्र आकारावर ते नाव टाकायला त्याला धीर होईना. म्हणून त्याने स्वतःचं आडनाव टाकलं. आज जगभर ओळखली जाणारी ‘जॅक्सन’ गिटार अशी जन्माला आली. मेकॅनिकलवाल्यांनो, रफ स्केचला कधी कमी लेखू नका!

१९८१ च्या सुरुवातीला त्याच स्टुडिओत दुसरा अल्बम झाला, ‘डायरी ऑफ अ मॅडमॅन’. त्याचं शीर्षकगीत सुरू होतं ते क्यूबाचे संगीतकार लिओ ब्रावर यांच्या एका एट्यूडच्या छायेत. एट्यूड म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावासाठी लिहिलेली रचना. सरावाच्या धड्यातून याने मेटलचं गाणं काढलं! त्याच वर्षी ‘गिटार प्लेअर’ मासिकाच्या वाचकांनी त्याला सर्वोत्तम नवोदित म्हणून निवडलं.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. दौऱ्यावर बँड गावोगाव फिरायचा. इतर मंडळी रात्रीच्या पार्टीतून उठेपर्यंत दुपार व्हायची. रँडी मात्र सकाळी टेलिफोन डिरेक्टरी काढून बसायचा आणि त्या गावात क्लासिकल गिटार शिकवणारं कोणी आहे का ते शोधायचा. फोन करून वेळ घ्यायचा, फी भरायची आणि तासाला जाऊन बसायचं! संध्याकाळी हजारो लोकांसमोर वाजवणारा माणूस सकाळी कुणा अनोळखी सरांपुढे विद्यार्थी होऊन बसलेला. कधी कधी तर शिकवणारेच याच्याकडून काहीतरी शिकून घ्यायचे म्हणे. पण म्हणून त्याने जाणं बंद केलं नाही.

हळूहळू त्याचं मन दौऱ्यातून उडायला लागलं. १९८२ च्या सुरुवातीला ब्लॅक सब्बाथच्या जुन्या गाण्यांचा एक लाइव्ह अल्बम करायचं ठरत होतं. दुसऱ्याची जुनी गाणी पुन्हा वाजवण्यात रँडीला रस नव्हता. त्यावरून ऑझीबरोबर ताणाताणी झाली. करारात ठरलेलं काम पुरं करायचं आणि मग लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात क्लासिकल गिटारची डिग्री घ्यायची, असं त्याच्या मनात पक्कं होत चाललं होतं. १८ मार्च १९८२ ला टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलला कार्यक्रम झाला. रात्री बस फ्लोरिडाकडे निघाली. त्या प्रवासात त्याने हे ऑझीला सांगितलं. ऑझीने नंतर अनेकदा सांगितलंय की त्याला वाटलं, याला वेड लागलंय. एवढं नाव, एवढा पैसा मिळत असताना कॉलेज?

१९ मार्चची सकाळ. फ्लोरिडात लीसबर्ग नावाच्या गावाजवळ बसचं काही काम करायला गाडी थांबली होती. बसमालकाच्या जागेला लागून छोटी धावपट्टी होती आणि तिथे एक लहान विमान उभं होतं. बसचा ड्रायव्हर विमान पण चालवायचा. तो एकेका-दोघांना चक्कर मारून आणायला लागला. पहिल्या फेरीत डॉन एरी आणि टूर मॅनेजर जाऊन सुखरूप परत आले. दुसऱ्या फेरीत रँडी बसला. खरं तर त्याला विमानाची भीती वाटायची. बरोबर रेचल यंगब्लड होत्या, अठ्ठावन्न वर्षांच्या, मंडळींचे कपडे शिवणं, खाणंपिणं सगळं बघणाऱ्या. त्यांची तब्येत नाजूक असल्यामुळे विमान सावकाश चालवणार असं ठरलं होतं. वरून आईसाठी काही फोटो काढता येतील म्हणून रँडी कॅमेरा घेऊन गेला, असं म्हणतात.

विमान बसच्या अगदी जवळून, खालून जायला लागलं. बसमध्ये ऑझी, शेरॉन आणि बाकीचे झोपलेले होते. एका फेरीत पंख बसला लागला, विमान झाडावर आणि तिथून जवळच्या घराच्या गॅरेजवर आदळलं आणि पेटलं. तिघेही जागच्या जागी गेले. पायलटच्या शरीरात कोकेन होतं आणि त्याच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत संपलेली होती, हे चौकशीत निघालं. रँडीच्या रक्तात सिगारेटच्या निकोटिनशिवाय काही सापडलं नाही. तो पंचवीस वर्षांचा होता. माझ्यापेक्षा फक्त पाच वर्षांनी मोठा.

डिग्री राहिली.

त्याला सॅन बर्नार्डिनोला पुरलं. आई डेलोरेस यांनी शाळा बंद केली नाही. त्यानंतर अनेक वर्षं त्या मुलांना संगीत शिकवत राहिल्या. जगभरातून रँडीचे चाहते म्युझोनियाच्या दारात यायचे आणि त्या त्यांना भेटायच्या. २०१२ साली त्या गेल्या. २०२१ साली रँडीला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा बघायला आई नव्हती.

आता चाहत्यांबद्दल थोडं. २००२ साली एक विचित्र गोष्ट झाली. रॉयल्टीच्या पैशांवरून बॉब डेझली आणि ली कर्स्लेक यांचा ऑस्बॉर्न मंडळींशी कोर्टात वाद चालू होता. तेव्हा दोन्ही अल्बम नव्याने काढताना त्या दोघांचे बेस आणि ड्रम पुसून दुसऱ्या वादकांकडून वाजवून घेतले. रँडीची गिटार आणि ऑझीचा आवाज तेवढा जुना. आता तुम्ही म्हणाल, गिटार तर तीच होती ना, मग बिघडलं कुठे? बिघडलं असं की १९८० मध्ये रँडी त्या ड्रमला ऐकून वाजवत होता. ड्रम जरा मागे रेंगाळला की हा पण रेंगाळायचा, तो पुढे झाला की हा त्याच्याबरोबर. चार माणसांनी एकमेकांना ऐकत केलेली ती गोष्ट होती. त्यातली दोन काढली आणि दुसरी बसवली, तर उरलेली दोन एकटी पडतात. शिवाय ज्यांनी काम केलं त्यांचंच काम पुसायचं, हा अन्याय वेगळाच. चाहते इतके चिडले की जुन्या रेकॉर्ड आणि कॅसेट शोधून जपायला लागले. शेवटी २०११ साली मूळ बेस आणि ड्रम परत आणून अल्बम काढावे लागले. ऐकायचं असेल तर २००२ वालं टाळा, एवढं माझं सांगणं. त्या २०११ च्या आवृत्तीत ‘गुडबाय टू रोमान्स’ची फक्त गिटार आणि आवाज असलेली एक प्रत आहे. त्यात रँडी गाणाऱ्याला कसा सांभाळून घेतो ते स्वच्छ ऐकू येतं. कुठे पुढे पुढे करत नाही, कुठे मागे राहत नाही.

मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १९८७ साली, ऑझीने ‘ट्रिब्यूट’ नावाचा अल्बम काढला. त्यात रँडीच्या लाइव्ह कार्यक्रमांची रेकॉर्डिंग आहेत. आणि सगळ्यात शेवटी ‘डी’ या तुकड्याची स्टुडिओतली कच्ची रेकॉर्डिंग ठेवली आहेत, सव्वाचार मिनिटांची. तो वाजवायला लागतो, मध्येच चुकतो, थांबतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. मग पुन्हा चुकतो. पन्नास सेकंदांच्या तुकड्यासाठी एवढी खटपट! इतका मोठा कलाकार, पण ऐकताना वाटतं की शेजारच्या खोलीत कोणीतरी प्रॅक्टिस करतंय.

माझी पण एक गिटार आहे, हे सांगायचं राहिलं. अकरावीत हट्ट करून घेतली, फर्स्ट इयरला होस्टेलवर आणली, सेकंड इयरपासून कपाटावर पडून आहे. अभ्यासामुळे वेळ मिळत नाही असं मी सगळ्यांना सांगते. खरं कारण वेगळं आहे. थोडं वाजवता यायला लागल्यावर लोक वा वा करायला लागले, आणि मग पुन्हा क्लासला जाऊन चुका दाखवून घ्यायची लाज वाटायला लागली. अभ्यासात पण तसंच. न समजलेलं सरांना विचारायला जायचं म्हणजे सगळ्यांसमोर येत नाही हे कबूल करायचं. त्यापेक्षा मान डोलावून बसलेलं बरं! डिग्रीतून सुटायची एवढी घाई आपल्याला असते, त्यात थोडा भाग या लाजेचा पण असेल का?

रँडीला ती लाज नव्हती. फोन उचलायचा आणि विचारायचं, सर, तुमच्याकडे शिकायला येऊ का? बस्स.

भिंतीवरचा तो सेमिस्टरचा हिशेब मी अजून पुसलेला नाही. खोटं कशाला बोलू. पण गेल्या रविवारी गिटार कपाटावरून खाली काढली. दोन तारा गंजल्या होत्या, त्या बदलल्या. आता ‘डी’ बसवायचा प्रयत्न चालू आहे. सध्या पहिल्या बारा सेकंदांपर्यंत येते आणि चुकते. वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणींनो, रोज रात्री तेच तेच ऐकावं लागतं त्याबद्दल सॉरी. अजून काही दिवस सहन करा.

— टी.ई., ई अँड टीसी, लेडीज होस्टेल